ग्राइंडर खाली ठेव, मग ‘ओरिजिनल’चं बोलू



कापसाची दुसरी वेचणी उरकत आली, हरभरा चांगला उगवून आलाय, मोसंबी आंबिया बहारासाठी ताणावर सोडलीय. दोन दिवसांची सवड आहे. म्हणून आज पिकावर न लिहिता जुन्या जीपवर लिहितो. काही जणांना राग येईल, गॅरेजवाल्या मित्रांना जास्त येईल. येऊ द्या. खताच्या लिंकिंगवर लिहिलं तेव्हाही आला होता.

परवा गोदावरीच्या पलीकडून, गेवराई तालुक्यातून, एक तरुण पोरगा पूल ओलांडून आमच्या आखाड्यावर आला. त्याच्या आजोबांची जीप आहे. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली, पेट्रोल, कागदावर १९७१. आजोबा गेल्यापासून शेडमध्ये कडब्याच्या गंजीआड उभी. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले आणि मी गप्पच झालो. इंजिन तेच. कार्बोरेटर तोच. डॅशवरची पत्र्याची पट्टी जागेवर. मागचं फळकं तेच. पायाखालचा पत्रा कुजलाय, टायर गेलेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय. पण गाडीला कुणी हात लावलेला नाही. पन्नास वर्षांत एकदाही गॅस कटर तिच्या अंगाला लागलेला नाही. अशी जीप आता आमच्या पट्ट्यात शोधून सापडत नाही.

मग तो बोलायला लागला.

“काका, फुल रिस्टोर करायची. गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय. बॉडी तयार मिळती, नवी कोरी. इंजिन डिझेल टाकायचं, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, वर एलईडीचा बार, बॉनेटवर पांढरा तारा. एकदम ओरिजिनल करून टाकायची.”

मी म्हणलं, “मग त्यात तुझ्या आजोबांची जीप कुठली राहती?”

थोडा वेळ विचार करून म्हणला, “चेसिस. आन् नंबर प्लेट.”

“मग ओरिजिनल कामून म्हणतो?”

त्याला उत्तर आलं नाही. त्याचा दोष नाही. हा शब्दच आपण सगळ्यांनी मिळून नासवलाय.

मित्रांनो, आपण बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा काय बघतो? टॅग बघतो. वाण कोणता, उगवण किती, शुद्धता किती, लॉट नंबर काय. पिशवीवर एक आणि आत दुसरं निघालं तर आपण दुकानदाराची गचांडी धरतो, कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करतो. आणि ते बरोबरच आहे. मग जीपच्या बाबतीत आपला हा न्याय कुठं जातो? चेसिस एका गाडीची, बॉडी गेल्या महिन्यात वाकवलेल्या पत्र्याची, इंजिन तिसऱ्याच गाडीचं, गिअरबॉक्स भंगारातला, आणि विकायला काढताना लिहितो, ‘१९६८ मॉडेल, फुल ओरिजिनल’. देवणी गाईला जर्सी भरवायची आणि वासराला देवणी म्हणून बाजारात उभं करायचं, त्यातलाच हा प्रकार. वासरू वाईट आहे असं मी म्हणत नाही. दूध देईल, जास्तही देईल. पण ते देवणी नाही, एवढं तरी मान्य करा.

उत्तरेकडं मंडी डबवालीला जीपा बांधायचा मोठा धंदा आहे. तिथं नव्या बॉडीची, पाहिजे तशी जीप बनवून मिळते, कारागीर हुशार आहेत. घेणाऱ्याला माहीत असतं की ही बांधलेली जीप आहे. तिथवर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण वेगळं आहे. चांगली अभंग जीप फाडायची, तिच्यातलं खरं ते भंगारात घालायचं आणि उरलेल्याला ‘रिस्टोर’ म्हणायचं, याच्याशी माझं भांडण आहे.

आता ही गाडी काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे आपण काय कापतोय ते कळेल.

जीप जन्मली अमेरिकेच्या फौजेसाठी, १९४१ च्या सुमारास. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी लढाईत लाखोंनी बनवल्या. पण १९४५ ला लढाई संपत असताना विलीजनं जी पहिली बिगरफौजी जीप काढली, सीजे-२ए, ती शेतकऱ्यापुढं मांडली होती. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. मागून पीटीओ काढून मळणीयंत्र चालवा, नांगर ओढा, आणि रविवारी तिच्यातच बसून गावाला जा, असा हिशोब. म्हणजे जीप हे शेतीचं अवजारसुद्धा आहे, नुसता शौक नाही. पुढं १९५३ ला सीजे-३बी आली. तिचं बॉनेट उंच का, असं पोरं विचारतात. इंजिनामुळं. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उचललं. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे आपल्या हिशोबानं २.२ लिटर. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत चालली, दीड लाखावर गाड्या निघाल्या आणि बंद झाली. आपल्याकडं महिंद्रानं त्यानंतरही बनवली. आपल्या लोकांच्या डोळ्यापुढं ‘जीप’ म्हणलं की जी आकृती येते, ती हीच.

महिंद्राची सुरुवात १९४५ ची. १९४९ ला मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला लागले. १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, विकास गट आले. १९६२ च्या १ मे पासून आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गावात बीडीओ आला आणि त्याच्याखाली जीप आली. पैठणला जायकवाडीचं काम चाललं तेव्हा जीपा, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मस्टर तपासायला जीपा. आमच्या वयाच्या माणसानं सरकार पहिल्यांदा बघितलं ते जीपमधून उतरताना.

म्हणून बॉनेटवरच्या त्या पांढऱ्या ताऱ्यावर माझा राग आहे. तो तारा अमेरिकन फौजेचा. तुझ्या आजोबांची जीप युरोपातल्या लढाईला गेली नव्हती रे बाबा. ती गेवराईच्या बाजाराला गेली, राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला गेली, बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेली. तिला स्वतःची गोष्ट आहे. तिच्या अंगावर दुसऱ्याची गोष्ट कशाला रंगवतो? फौजी विलीजच्या जाळीला नऊ फटी, आपल्या सीजेच्या जाळीला सात. तारा काढून फौजी होता येत नाही, जाळीच सांगून टाकते.

तसंच उलटंही सांगतो. ओरिजिनल म्हणजे अमेरिकन नव्हे. महिंद्रानं पुढं स्वतःच डिझेल जीपा काढल्या, इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन टाकून. १९८५ च्या एमएम-५४० ला प्यूजोचं डिझेल होतं. तुमच्याकडं कंपनीनं डिझेल दिलेली जीप असेल, तर डिझेल हेच तिचं ओरिजिनल. तिच्यात हौसेनं पेट्रोल इंजिन बसवलं तर तीही फसवणूकच. कंपनीच्या दारातून जी जशी निघाली, ती तशी. एवढी साधी व्याख्या आहे.

तुम्ही म्हणाल, हा एवढं बोलतोय, याची जीप कशी आहे? सांगतो. माझं तोंड उघडायचं कारणच ते आहे.

आमच्या अण्णांनी १९८५ ला सरकारी लिलावात जीप घेतली. १९६७ ची, सीजे-३बी, पेट्रोल. कितीला घेतली ते त्यांनी आईला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्या जीपनं आमच्या काळ्या रानातून पावसाळ्यात कापसाच्या गाठोड्या काढल्या, जिथं बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. मी गाडी शिकलो तिच्यावर. सकाळी हँडल मारायचं काम माझं. अंगठा हँडलच्या वरून गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मोडतो, हे अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलं.

१९९४ ला मी पंचविशीतला, शहाणा झालेलो. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि जो तो जीपला डिझेल बसवत होता. लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणाऱ्या गाडीचा मला वैताग आला होता. मी अण्णांच्या मागं लागलो. शेवटी ते म्हणले, “तुला करायचं ते कर.” आणि त्या दिवशी गॅरेजला आले नाहीत. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

डिझेल इंजिन बसेना म्हणून मिस्त्रीनं पुढचा आडवा मेंबर कापला. केबिनची भिंत हातोड्यानं आत ठोकली. जुने इंजिन माउंट गॅसनं उडवले. बोल्ट सुतातले होते, हाताला आले मिलिमीटरचे. मग भोकं मोठी केली, नवा आटा पाडला, जिथं जमलं नाही तिथं वेल्डिंग मारली. जुनं इंजिन भंगारवाल्यानं वजनावर नेलं. आलेल्या पैशात त्याच दिवशी डिझेलची टाकी भरली आणि मला वाटलं मी बाजी मारली.

पुढं काय झालं? डिझेल जड, त्याचा हादरा वेगळा. रेडिएटरचं झाळण वर्षाला सुटायला लागलं. चेसिसला कापल्या जागी तडा गेला. गिअरबॉक्स पेट्रोल इंजिनाच्या ताकदीसाठी घडवलेला, तो दोनदा खोलला. चार-पाच वर्षांत डिझेलच्या बचतीचे पैसे मिस्त्रीच्या खिशात गेले. आणि खरा दणका नंतर बसला. गाडी पासिंगला नेली. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. कागदावर पेट्रोल, आत डिझेल. कागदावरचा इंजिन नंबर गाडीत नाही. कागद परत दिले. चूक त्यांची नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ ला हे ठासून सांगितलं. आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. तेव्हापासून अण्णांची जीप शेडमध्ये आहे. अण्णा गेले तेव्हाही ती रस्त्यावर काढता आली नाही.

आता मी तशाच जातीचं पेट्रोल इंजिन मिळवलंय. बसवायचं काम चालू आहे, कागदावर रीतसर नोंद करून घ्यायची आहे. पण मी कुणाला तिला ओरिजिनल म्हणून सांगणार नाही. ‘इंजिन बदललेलं, पुढचा मेंबर जोडलेला’ असं मी स्वतः लिहून डॅशच्या खणात ठेवलंय. आमच्या घरचं सत्यप्रत लेबल म्हणा.

त्या पोराला म्हणून सांगतो, नीट ऐक. तुझ्या गाडीचं वय पन्नासच्या वर आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ ला विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, आणि जिच्या चेसिसमध्ये, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नाही, अशीच गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची. नव्यानं नोंदवायला वीस हजार, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. अट एवढीच की रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठीच रस्त्यावर काढायची. विंटेज नको असेल तर साधी नोंदणी आहेच, पाच-पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करायचं. पण दोन्हीकडं एकच गोष्ट बघतात, कागदावर आहे ते गाडीत आहे का. चेसिस, बॉडी, इंजिन. तू नेमकं यातलंच दोन काढायला निघालास.

आणि एक गोष्ट. पूर्वी सरकारी लिलावात जुन्या जीपा यायच्या, एक बिघडवली तर दुसरी मिळायची. आता १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते आणि त्या थेट स्क्रॅपला जातात. तो झरा आटला. आता ज्या आहेत त्या आपल्यासारख्यांच्या शेडमध्येच आहेत. त्या आपणच मारल्या तर संपलं.

बाहेरच्या जगाची एक गंमत सांगतो. २०१८ ला महिंद्रानं अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी काढली, रस्त्यावर न चालवता शेतात-रानात चालवायची. दिसायला आपली जुनी जीपच. तिथं जीप हे नाव ज्या कंपनीकडं आहे, तिनं तक्रार केली की हा आकार आमचा आहे. २०२० ला तिथल्या व्यापार आयोगानं निकाल महिंद्राच्या विरोधात दिला, गाडीचं तोंड बदलावं लागलं. म्हणजे एका पत्र्याच्या ठेवणीसाठी दोन मोठ्या कंपन्यांचे वकील काही वर्षं भांडले. तो आकार आपल्या गोठ्याशेजारी उभा आहे आणि आपण त्याला ग्राइंडर लावतोय.

आता रुंद टायरकडं या. आमच्या कृषी अभियंता मित्रांसाठी थोडा हिशोब मांडतो. मूळ सीजे-३बी चा पहिला गिअर २.८ च्या आसपास, ट्रान्सफर केसचा लो २.४६, डिफरन्शिअल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिन ३७ फेरे फिरलं की चाक एक फिरतं. ६.००-१६ टायरची उंची साधारण २८ इंच. इंजिन हजार फेऱ्यांवर असेल तर जीप तासाला साडेतीन किलोमीटरनं चालते, बैलाच्या चालीनं. म्हणून ती काळ्या चिखलातून शांतपणे निघते. आता २८ च्या जागी ३३ इंची टायर घाला. गाडी तितकीच, इंजिन तितकंच, पण ओढायची ताकद सहावा हिस्सा कमी झाली. वर स्टिअरिंग जड, म्हणून पॉवर स्टिअरिंग. ते बसवायला चेसिसला वेल्डिंग. चाक बाहेर आलं म्हणून किंगपिनच्या बेअरिंगवर बोजा. ब्रेक मूळ छोट्या चाकासाठीचे, म्हणून ब्रेक बदला. एका टायरपायी अर्धी गाडी बदलते. ज्या इंजिनिअरनं ती घडवली त्यानं टायर अरुंद ठेवला तो काही पैसे वाचवायला नव्हे. अरुंद चाक चिखल कापून खालच्या कडक थराला टेकतं. आपल्या बैलगाडीच्या धावेला विचारा.

टायर मिळत नाहीत हे खोटं आहे. ६.००-१६ हे तर आपल्या कितीतरी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं माप. पण माप जुळलं म्हणून ट्रॅक्टरचा टायर जीपला घालू नका. तो रस्त्याच्या वेगाचा नसतो. त्याच मापाचा जीपचा टायर मागा.

तुमचे सवाल मला माहीत आहेत, एकेक घेतो.

“काका, शेतकऱ्याला हे शौक परवडतात का?” अरे, नवी बॉडी, नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, याचा हिशोब कर आधी. महाग ते आहे. ओरिजिनल ठेवायचं म्हणजे बहुतेक वेळा काही न करणं. कार्बोरेटर धुवायचा, पॉइंट घासून गॅप लावायची, बोअर बघून रिंगा टाकायच्या, कुजला तेवढाच पत्रा बदलायचा. शेताच्या पैशातून सावकाश होतं. दोन वर्षं लागतील. लागू दे. मोसंबीला पहिलं फळ यायला पाच वर्षं थांबतोच ना आपण?

“पार्ट मिळत नाहीत.” जे मिळत नाही ते बहुतेक वेळा तुमच्या गाडीतूनच काढून भंगारात गेलेलं असतं. जुना पार्ट दुरुस्त होतो. वॉटर पंपाला नवं बेअरिंग बसतं, ब्रेक ड्रम लेथवर घासून मिळतो, ब्लॉकला स्लीव्ह बसते. जालन्याला, संभाजीनगरला लेथवाले अजून आहेत. फक्त त्यांना सुताचे आटे पाडायला सांगा, मिलिमीटरचे नकोत.

“ब्रेकचं काय? जुने ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ.” हा सवाल मात्र खरा आहे आणि इथं मी हट्ट करत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच. कुठंही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून नळ्या, होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर सगळं नवं टाका, जुनं दिसावं म्हणून जुनं ठेवू नका. मागं लाल दिवे, इंडिकेटर, सीटबेल्ट लावा. माझी अट एकच आहे, बोल्टनं लावा, वेल्डिंगनं नको. उद्या काढायचं म्हणलं तर पान्यानं निघालं पाहिजे, आणि खालची मूळ जागा शाबूत राहिली पाहिजे.

“पेट्रोलचं काय?” यात आपलाच हात आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल आपल्या उसा-मक्याचंच. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला खातं. पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरचे वायसर इथेनॉल चालणारे टाका. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. हे बदल वरून दिसत नाहीत आणि इंजिन वाचवतात.

आता काम काढायच्या आधी काय करायचं ते सांगतो. हे मी चुकून शिकलोय.

पहिलं, गाडी धुवायच्या आधी फोटो काढा. वरून, खालून, बॉनेटमधून, प्रत्येक वायर कुठून कुठं जाते त्याचा. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळ ठोकलेला असतो. रॉकेलनं पुसून कागदाशी ताडून बघा. चेसिस नंबर, डॅशवरची पट्टी, सगळ्यांचे फोटो. पट्टीला पॉलिश मारू नका, अक्षरं उडतात.

दुसरं, निघालेला एकही नट टाकून देऊ नका. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आपल्याकडं ढिगानं असतात. एकेका पिशवीत एकेका जागेचे बोल्ट, वर चिठ्ठी. नवा पार्ट टाकला तर जुना पण पिशवीत ठेवा, मोडका असला तरी. पुढं कुणाला तो नमुना म्हणून लागेल.

तिसरं, पत्रा कुजलाय तिथंच कापा, आणि तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडा. मूठभर लांबी भरून गुळगुळीत करू नका. लांबीखाली गंज आतून चालूच राहतो, कपाशीच्या बोंडातल्या अळीसारखा. जुन्या पत्र्यावर पोचे असतील तर राहू द्या. बॉनेटच्या बाजूला पत्र्यातच उठवलेली विलीजची अक्षरं असतील तर तिथं घासायची मशीन लावूच नका.

चौथं, रंग. हे सांगताना मला वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी मी रंग काढायला एका पेंटरकडं दिली. मी बाजूलाच चहा पीत होतो. वरचा हिरवा निघाला, त्याखाली करडा, त्याखाली निळसर. आणि बॉनेटच्या बाजूला पिवळट अक्षरं दिसायला लागली. ‘पंचायत स’ एवढं वाचलं आणि मी ओरडलो. त्यानं मशीन थांबवली तेव्हा पुढचं नाव गेलेलं होतं. कोणत्या तालुक्याची होती ती गाडी, कुणाला घेऊन कुठल्या कामावर गेली, ते आता कधीच कळणार नाही. अण्णांनाही माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ते रंगाखाली जपलेलं होतं आणि माझ्या समोर अर्ध्या मिनिटात धूळ झालं. उरलेली अक्षरं मी तशीच ठेवलीत, वर नुसतं पारदर्शक लॅकर मारलंय. म्हणून हातानं, पाण्याच्या पेपरनं, हळूहळू घासा, आणि प्रत्येक थराला थांबून बघा.

पाचवं, जे बदललं ते वहीत लिहा. तारीख, काय काढलं, काय टाकलं, कुठून आणलं. शेताचं रेकॉर्ड ठेवतो तसं. पुढचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

गॅरेजवाल्या मित्रांनो, तुमच्यावरही दोन शब्द. तुमचं पोट त्यावर आहे, मान्य. पण गिऱ्हाईक ‘नवी करून द्या’ म्हणलं की तुम्ही कटर उचलता. एकदा तरी म्हणा, “हिच्यात काही बदलायची गरज नाही, नुसती चालू करून देतो.” त्याची मजुरी जास्त घ्या. ते काम जास्त हुशारीचं आहे. कापायला कुणालाही येतं.

आणि ज्यांना फिरायला रुंद टायरची, डिझेलची, गाण्याची जीप पाहिजे त्यांनी खुशाल घ्यावी. नवी थार २०१० पासून बाजारात आहे, आधीच कापलेल्या-जोडलेल्या जीपा तर रस्त्यावर ढिगानं आहेत. त्यांच्यावर हौस करा, मी टाळ्या वाजवीन. नुसती ही अभंग राहिलेली एखाद-दुसरी सोडा.

त्या पोराची जीप येत्या सोमवारी टेम्पोत चढवून गॅरेजला जायची आहे. ॲडव्हान्स देऊन झालाय म्हणतो. परवा जाताना तो काही बोलला नाही, नुसता माझ्या शेडकडं बघून गेला. मोटारसायकलला किक मारता मारता एवढंच म्हणला, “आजोबा बी तिला डिझेल नगंच म्हणायचे.”

बाळा, हे वाचत असशील तर सोमवारच्या आधी एकदा शहागडला ये. पैठण फाट्यावर उतर, मी घ्यायला येतो. माझ्या जीपचं बॉनेट उघडून ठेवतो. कापलेला मेंबर, ठोकलेली भिंत, ती अर्धी अक्षरं, सगळं हात लावून बघ. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे, मोसंबीचे पैसे आले की निम्मा मी भरतो.

मग तुला करायचं ते कर. पण आमचे अण्णा घरी थांबले होते तसं मी थांबणार नाही. तुझ्याबरोबर गॅरेजला येईन आणि मिस्त्रीसमोर उभा राहीन.

राम राम.